चक्री इंजिनातील शोषणदाबाचे मापन

अनेक छोट्या विमानांत वैमानिकासमोर दोन तबकड्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. एक इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे दाखवते, तर दुसरी मॅनिफोल्डमधील दाब. मॅनिफोल्ड म्हणजे थ्रॉटलच्या झडपेपासून इंजिनापर्यंत हवा वाहून नेणारी नळ्यांची जोडणी होय. या नळ्यांतील दाब जितका अधिक, तितकी अधिक हवा दर फेऱ्याला इंजिनात शिरते. म्हणूनच फेरे आणि दाब या दोन आकड्यांवरून इंजिन किती शक्ती देत आहे, याचा अंदाज बांधता येतो. वँकेल पद्धतीच्या चक्री इंजिनात मात्र यातील दुसरा आकडा अचूक मिळवणे वाटते तितके सोपे नसते.

‘चक्री इंजिन’ या नावाने विमानविद्येत दोन निरनिराळी यंत्रे ओळखली जातात. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांत पंख्याबरोबर इंजिनाचे सिलिंडरही गरगर फिरत. १९०९ च्या सुमारास पुढे आलेले फ्रान्सचे नोम इंजिन या प्रकारचे होते. त्यात मिश्रण पोकळ आणि स्थिर दंडातून आत येई. दुसरे यंत्र म्हणजे जर्मन संशोधक फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून उतरलेले इंजिन. एनएसयू कंपनीत त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर, मध्ये किंचित चिमटलेल्या लंबगोल कोठीत फिरतो. वजनाच्या मानाने शक्ती अधिक आणि हलणारे भाग मोजके, या गुणांमुळे ते विमानबांधणीत आकर्षक ठरले. माझदा कंपनीचे मोटारीसाठी बनवलेले १३बी इंजिन अमेरिकेतील हौशी विमानबांधणी करणाऱ्यांनी आपल्या विमानांत बसवले. भारतातही ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानाने २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे देशी बनावटीच्या वँकेल इंजिनावर उड्डाण केले. त्या इंजिनाच्या विकासात बंगळुरूची राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळा आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था यांचा सहभाग होता.

मॅनिफोल्डमधील दाब निरपेक्ष, म्हणजे संपूर्ण निर्वातापासून मोजला जातो. विमानविद्येत तो बहुधा पाऱ्याच्या इंचांत सांगतात. समुद्रसपाटीवर हवेचा प्रमाण दाब २९.९२ इंच असतो आणि आरंभीच्या काही हजार फुटांत तो दर हजार फुटांना साधारण एक इंचाने उतरतो. थ्रॉटल पूर्ण उघडले की मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबाच्या जवळ पोहोचतो. ते मिटत आणले की इंजिनाच्या शोषणामुळे तो निम्म्याच्याही खाली येतो. टर्बो बसवलेल्या इंजिनात तो ३० इंचांपलीकडेही जातो. जुन्या मापकांत निर्वात केलेली धातूची डबी आकुंचन वा प्रसरण पावून काटा हलवते; नव्या संवेदकांत सिलिकॉनचा पातळ पडदा तेच काम करतो.

अडचण येते ती स्पंदनांची. वँकेल इंजिनाचा मुख्य दंड तीन फेरे करतो तेव्हा रोटरचा एक फेरा होतो. रोटरला तीन बाजू असल्याने दंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एका रोटरचे एक शोषण घडते. दंड मिनिटाला ६,००० फेरे करत असेल, तर दोन रोटरांच्या इंजिनात सेकंदाला २०० शोषणे होतात. हवा आत घेणाऱ्या तोंडावर उघडझाप करणारी झडप नसते. रोटरच ते तोंड उघडतो आणि झाकतो. त्यामुळे दाबाच्या लाटा नळीत सतत मागेपुढे होत राहतात. यांत्रिक मापकाचा काटा त्यामुळे थरथरतो आणि आतील दाते झिजतात. इलेक्ट्रॉनिक संवेदक चपळ असल्याने लाटेचा माथा किंवा तळ यांपैकी जे समोर येईल तेच टिपतो आणि आकडा उड्या मारू लागतो.

यावर उपाय साधेच असतात. मापकाकडे जाणाऱ्या नळीत सुमारे एक मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक छिद्राची अडणी बसवतात आणि तिच्यापुढे एक छोटी कुपी जोडतात. लाटा छिद्राशीच क्षीण होतात आणि कुपीत सरासरी दाब उरतो. प्रत्येक रोटरला स्वतंत्र थ्रॉटल असेल, तर दोन्ही नळ्यांतून जोडण्या घेऊन त्या एकाच कुपीत आणाव्या लागतात. जोडणी थ्रॉटलच्या पुढे, नळीच्या वरच्या अंगाला घेतात आणि संवेदक तिच्याहून उंच ठेवतात, म्हणजे इंधन वा तेल नळीत साचत नाही. अडणी अति बारीक करणेही घातक ठरते. मग थ्रॉटल एकदम उघडल्यावर वाढलेला दाब संवेदकापर्यंत उशिरा पोहोचतो.

हा उशीर केवळ तबकडीपुरता नसतो. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा असलेल्या इंजिनात याच आकड्यावरून किती इंधन सोडायचे, हे संगणक ठरवतो. आकडा प्रत्यक्षाहून कमी आला की इंधन कमी पडते. जास्त भार असताना मिश्रण असे विरळ झाले, तर ज्वलन स्फोटक होऊ शकते आणि रोटरच्या टोकांवरील सील तुटण्याचा धोका असतो. टर्बोच्या इंजिनात संवेदकाची नळी सुटली तर हेच घडते, कारण संवेदकाला आतील वाढीव दाबाऐवजी बाहेरचा कमी दाब दिसतो. टर्बो नसलेल्या इंजिनात ही नळी सुटल्यास परिणाम उलटा होतो. उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडे असल्याने आतला आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा असतो आणि दोष लपून राहतो. उतरताना थ्रॉटल मिटले की संवेदक मात्र बाहेरचाच दाब सांगत राहतो, संगणक इंधनाचा मारा चालू ठेवतो आणि धावपट्टी समोर असताना इंजिन गुदमरू शकते.

त्यामुळे तपासणी जमिनीवरच करावी लागते. इंजिन बंद असताना मापकाने त्या ठिकाणचा हवेचा प्रत्यक्ष दाब दाखवायला हवा. विमानतळावरून सांगितला जाणारा दाब समुद्रसपाटीला अनुसरून असतो; तेव्हा दर हजार फूट उंचीसाठी त्यातून सुमारे एक इंच वजा करून ताडा जुळवतात. इंजिन चालू झाल्यावर थ्रॉटल मिटलेले असताना आकडा ठळकपणे खाली यायला हवा. तो न आल्यास नळीत गळती असण्याची शक्यता प्रथम पडताळावी.

या मापकाची एक मर्यादाही ध्यानी ठेवावी लागते. तो आत शिरणाऱ्या हवेचा दाब सांगतो. ज्वलन होत आहे की नाही, हे सांगत नाही. उड्डाणात इंजिन निकामी होऊनही वाऱ्याने पंखा आणि रोटर फिरत राहिले, तर दाबाचा आकडा फारसा बदलत नाही. म्हणून शक्तीचा अंदाज घेताना फेरे, बहिर्गामी वायूंचे तापमान आणि इंधनाचा प्रवाह यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो.