बहांदरी : बडोद्याच्या कर्जाचा एक जुना हिशेब

परदेशी गुंतवणूक म्हटली की डोळ्यांपुढे कारखाना येतो, फीत कापणारे मंत्री येतात. कर्ज काही येत नाही. पण रिझर्व्ह बँक थेट परदेशी गुंतवणुकीचा हिशेब मांडते त्यात तीन कप्पे असतात : भागभांडवल, इथेच पुन्हा घातलेला नफा, आणि 'इतर भांडवल'. हा तिसरा कप्पा म्हणजे मुख्यतः परदेशातल्या मालक कंपनीने आपल्याच इथल्या कंपनीला दिलेलं कर्ज. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत मी बरीच वर्षं यंत्रांबरोबर काढली. तिथे एका परदेशी मालकीच्या कारखान्याचा ताळेबंद पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हे कोडंच वाटलं होतं. मालक स्वतःच्याच घराला व्याजाने पैसे का देईल?

उत्तर अवघड नाही. व्याज हा खर्च धरला जातो, कर लागण्याआधी वजा होतो. लाभांश कर भरून झाल्यावर वाटावा लागतो. म्हणून तर 2017 साली आयकर कायद्यात 94ब हे कलम आलं आणि अशा व्याजाच्या वजावटीला मर्यादा पडली. त्याआधी 2007 मध्ये सरकारने ठरवलं होतं की जे कर्जरोखे पुढे सक्तीने आणि पूर्णपणे शेअरमध्ये बदलणार असतील तेवढेच गुंतवणूक धरायचे, बाकीचे परदेशी कर्जाच्या नियमांत. आपल्याकडे हा कर्जाचा कप्पा भागभांडवलाच्या मानाने लहानच राहिला आहे. पण एरवीचं कर्ज आणि हे कर्ज यांत फरक एकच : इथे देणाऱ्याचा कारभारात हात असतो.

हाच प्रकार बडोद्यात 1802 साली झाला होता असं माझं मत आहे. आणि त्यातली खरी गंमत अशी की पैसा बराचसा गावातलाच होता.

गोविंदराव गायकवाड 1800 साली वारले. गादीवर आनंदराव आले, पण कारभार पेलण्याची त्यांची कुवत नव्हती. दिवाण रावजी आप्पाजी एकीकडे, गोविंदरावांचे दासीपुत्र कान्होजी आणि कडीचे मल्हारराव दुसरीकडे, असा झगडा लागला. तिजोरीत खडखडाट. शहराचे दरवाजे अरब शिबंदीच्या ताब्यात आणि शिबंदीचा पगार कित्येक महिने थकलेला. अरबांच्या हाती आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे बहांदरी. गुजरातीत आजही हमीपत्राला बांहेधरी म्हणतात, तोच हा शब्द. बाह्या धरणं, म्हणजे हात धरून जामीन राहणं. दरबाराच्या शब्दावर कुणाचा विश्वास नव्हता, म्हणून सावकार पैसे देताना एखाद्या अरब जमादाराची बहांदरी मागत. पैसे बुडाले तर जमादार वसूल करून देणार. आता बघा, ज्याचा पगार दरबाराकडे थकलाय तोच दरबाराचा जामीन! कागदावर हे विचित्र दिसतं, पण व्यवहारात चोख होतं, कारण बंदूक त्याच्याकडे होती.

रावजींनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी मेजर अलेक्झांडर वॉकर यांना फौजेसह पाठवलं. कडी पडली. मग अरबांना घालवायचं ठरलं, पण थकबाकी हाती पडल्याशिवाय ते हलेनात. डिसेंबर 1802 मध्ये इंग्रजांना बडोद्याला वेढाच घालावा लागला. शेवटी थकबाकी चुकवून अरबांना काढलं. त्यासाठीची रक्कम काही कंपनीने कर्जाऊ दिली, आणि बाकी बडोद्याच्याच पेढ्यांनी, मात्र कंपनीच्या हमीवर. शिवाय अरबांनी घेतलेल्या जुन्या बहांदऱ्या कंपनीने स्वतःच्या शिरावर घेतल्या.

आमच्या मंडळात हा विषय निघाला की बहुतेकजण कर्जाचा आकडा विचारतात. मला वाटतं आकड्यापेक्षा हमीकडे बघावं. कंपनीचं कर्ज आज ना उद्या फिटणारं होतं. हमी मात्र सावकाराचं देणं उरलं असेल तोवर चालणार, आणि हमी दिली की हिशेब बघण्याचा हक्क आपोआप आला. वॉकर रेसिडेंट झाले. 1805 च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी 11,70,000 रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला. पुढे फत्तेसिंहराव कारभार पाहत असताना वर्षाचा जमाखर्च रेसिडेंटच्या नजरेखालून जाऊ लागला. संचालक मंडळावर धनकोचा माणूस बसतो, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक कडू गोष्ट लिहायलाच हवी. या व्यवस्थेत हरिभक्ती, सामळ बेचर, गोपाळराव मैराळ अशा बड्या पेढ्यांचं फावलं. त्या दरबाराच्या पोतदार होत्या. पगार भागवायला उचल द्यायची, वसूल आला की व्याजासकट घ्यायची. हमी मिळाल्यावर त्यांना राजाची भीती उरली नाही. धनी मराठा, सावकार गावचा, आणि तक्रार मात्र रेसिडेन्सीत. इंग्रजांनी लुटलं एवढंच सांगून थांबणाऱ्यांनी या पेढ्यांकडेही जरा बघावं.

1819 मध्ये दुसरे सयाजीराव गादीवर आले. 1820 मध्ये एल्फिन्स्टन बडोद्याला आले तेव्हा राज्याचं देणं एक कोटीच्या वर निघालं. त्यांनी महाराजांना घरच्या कारभारात मोकळीक दिली, पण अटी घालून : हमीच्या सावकारांशी केलेले करार पाळायचे, दरवर्षीच्या पैशाच्या बेताची माहिती रेसिडेंटला द्यायची, दिवाण नेमताना विचारायचं. म्हणजे मोकळीक कसली उरली ते तुम्हीच ठरवा. महाराजांनी सावकारांना हप्ते देण्यात चालढकल केली, खासगीत मात्र पैसा साठवला, असा इंग्रजांचा आरोप होता. 1828 मध्ये गव्हर्नर माल्कम यांनी पेटलाद, कडी, डभोई, शिनोर असे भरघोस उत्पन्नाचे महाल जप्त केले; त्यांच्या वसुलातून सावकारांचं देणं फेडायचं, असा हुकूम. तारण ताब्यात घेणं याला दुसरा शब्द नाही.

सुटका कशी झाली? 1832 मध्ये गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्याला आले. तोवर सयाजीरावांनी सावकारांशी परस्पर मिटवून घेतलं होतं, स्वतःच्या पैशातून. हमीचं कारणच उरलं नाही, महाल परत मिळाले. पुढे पोतदारांची मक्तेदारी मोडायला 'गणेश ईश्वर' ही सरकारी पेढीही निघाली. जुन्या बहांदऱ्यांची शेपटं मात्र बरीच वर्षं वळवळत राहिली. कुणाची नेमणूक, कुणाचं वतन, आणि प्रत्येक वेळी रेसिडेंट मध्ये.

तीसेक वर्षांनी हमी पुन्हा आली, पण उलट्या दिशेने. मकरपुऱ्यावरून मुंबईला जाणारी रेल्वे बीबीसीआय कंपनीची. भांडवल लंडनचं, आणि त्यावर 5 टक्के व्याजाची हमी हिंदुस्थान सरकारची. गाडी चालो न चालो, लंडनच्या भागधारकाला त्याचे 5 टक्के मिळणार, कमी पडलं तर इथल्या महसुलातून. नावाला भागभांडवल, वागणूक कर्जाची. हा रूळ 1861 मध्ये बडोद्याला पोचला. पुढच्याच वर्षी खंडेराव महाराजांनी, ज्यांनी नंतर मकरपुऱ्याचा राजवाडा बांधला त्यांनी, डभोई ते मियागाम अशी स्वतःची अरुंद रेल्वे सुरू केली. सुरुवातीला तिचे डबे बैल ओढत.