अपठित उतारा

‘उतारा’ हा मराठीतला मोठा कामाचा शब्द आहे. शेतकऱ्याला त्यावरून सातबारा आठवतो, वैद्याला विषावरचे औषध. विद्यार्थ्याच्या मात्र पोटात गोळा उठतो! पूर्वी कधी न वाचलेला इंग्रजी मजकूर आणि त्याखाली प्रश्न, हा त्याचा उतारा. पाठांतर येथे कामाचे नाही.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि त्याची पहिली प्रवेशपरीक्षा, म्हणजे मॅट्रिक, १८५९ साली झाली. सव्वाशेवर मुलांतून वीस-बावीसच पार पडली. त्यांत रानडे आणि भांडारकर होते. इंग्रजी वाचून समजणे हा तेव्हापासून उच्च शिक्षणाचा उंबरठा ठरला.

आमच्या मराठवाड्याची वाट निराळी. येथे निजामाचे राज्य. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता. म्हणजे औरंगाबादेजवळच्या गारखेड्यासारख्या गावातल्या मुलाने घरी मराठी बोलावे, शास्त्र उर्दूत शिकावे आणि एक पेपर इंग्रजीचा द्यावा!

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि उस्मानियाचे माध्यम लवकरच इंग्रजी झाले. गुलामी गेली, हा आनंद मोठाच. पण त्या पिढीच्या विद्यार्थ्याचा विचार करा. काल इंग्रजीचा एकच पेपर होता. आज भौतिकशास्त्र, इतिहास, सारीच पुस्तके त्याला अपठित उतारे झाली. बुद्धी तीच, अभ्यास तोच. दाराची कडी तेवढी बदलली. किती हुशार मुले त्या दाराशी अडली असतील, त्यांची नोंद कोण ठेवणार?

१९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले. नागसेन भिक्षूला प्रश्नामागून प्रश्न विचारणारा हा राजा! मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटते. उताऱ्याखालचे प्रश्न परीक्षक विचारतो. खरा वाचक ते स्वतःच विचारतो.

गारखेडे आता शहरात मिसळले आहे. केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेशपरीक्षा २०२२ साली सुरू झाली. तीत इंग्रजी घेणाऱ्या मुलांपुढे आजही तोच उतारा येतो. त्यांच्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे: इंग्रजीचा सराव अवश्य करून घ्या, पण फराळ झाल्यावर याच अंकातले एखादे मराठी पान मुलांपुढे ठेवा आणि म्हणा, “बाळ, वाच, आणि आता तूच आम्हांला प्रश्न विचार.”