सुकलेली फुलं आणि ‘पाळीचं विष’

पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावला की लोणचं नासतं, तुळशीला पाणी घातलं की तुळस सुकते. हे तुम्ही घरी ऐकलं असेलच. कधी कधी त्याच्या जोडीला ‘हे परदेशी शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलंय’ असं वाक्य येतं. संशोधन करायचं असेल तर या वाक्यावर हसून पुढे जाऊ नका. त्यात थोडं तथ्य आहे आणि घोळ नेमका तिथेच आहे.

१९२० सालचं व्हिएन्ना. बेला शिक नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. घटसर्पाची ‘शिक टेस्ट’ यांचीच, म्हणजे माणूस ऐरागैरा नव्हता. त्यांनी मोलकरणीकडे फुलं दिली, ती दुसऱ्या दिवशी सुकली. चौकशी केल्यावर कळलं की तिची पाळी सुरू होती. शिक यांनी मग बायकांच्या हाती फुलं देऊन पाहिलं, पावाचं पीठ फुगतं का तेही पाहिलं, आणि पाळीत बाईच्या शरीरातून विष बाहेर पडतं असा निबंध छापला. पुढे त्याला ‘मेनोटॉक्सिन’ हे नाव रूढ झालं.

इथे जरा थांबा. पाळीतल्या बाईमुळे पिकं करपतात, दारू आंबते असं पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही लिहून ठेवलंय. म्हणजे शिक यांच्या डोक्यात हा प्रश्न कोऱ्या पाटीवर उमटला नव्हता. फुलं किती ताजी होती, कोणी किती वेळ हातात धरली, घरात उकाडा किती होता, असे दहा प्रश्न आधी विचारता आले असते. पण विचारला गेला तो एकच. शिवाय कोणतं फूल कोणाच्या हातचं हे बघणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर ‘कोमेजलं’ कशाला म्हणायचं हेही तोच ठरवतो.

१९२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधले डेव्हिड माख्ट यांनी रोपांच्या मुळांची वाढ मोजून या विषाला आकड्यांचा आधार दिला. आकडे आले की समजूत भारदस्त दिसायला लागते!

खरा धडा पुढे आहे. १९४० च्या दशकात अमेरिकेत ऑलिव्ह आणि जॉर्ज स्मिथ या दांपत्याने पाळीचा स्राव उंदरांना टोचला. उंदीर मेले. आता बोला! याहून सरळ पुरावा काय हवा? पण हा स्राव योनीमार्गातून येतो आणि तिथे जिवाणू असणारच. १९५३ मध्ये जेरुसलेमच्या बर्नहार्ड झोंडेक यांनी स्रावाबरोबर प्रतिजैविकं दिली, तर प्राणी जगले. मारत होते ते जिवाणू. उंदीर मेले हे निरीक्षण खरं होतं, चुकला तो त्यातून काढलेला अर्थ. तुमच्या टिपणवहीत या दोन गोष्टी वेगळ्या ओळींवर लिहायची सवय आत्ताच लावा. आणि १९२० चा निबंध सापडला की तिथेच थांबू नका, नंतर त्याचा उल्लेख कोणी कोणी केला आणि त्यांना काय आढळलं तेही शोधा. ‘सिद्ध केलंय’वाले निरोप झोंडेकपर्यंत कधी पोचतच नाहीत.

या सगळ्या वर्षांत पाळीत दुखतं असं बायका सांगत होत्याच. पुष्कळदा त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं जाई. त्यांच्या स्पर्शाने फूल सुकतं का, हे तपासायला वेळ होता. त्यांच्या पोटात कळ का येते, हा प्रश्न मागे पडला होता. त्या प्रश्नाला हात घातला तो ब्रिटनमधल्या व्हर्नन पिकल्स यांनी. (हो, आडनाव खरंच पिकल्स, म्हणजे लोणची.) त्यांनी त्याच स्रावात विष शोधलं नाही, स्नायू आकुंचित करणारं काही आहे का ते पाहिलं. १९५७ मध्ये तसं द्रव्य असल्याचं त्यांनी छापलं, आणि पुढच्या काही वर्षांत ती प्रोस्टाग्लँडिन्स असल्याचं स्पष्ट झालं. ती वाढली की गर्भाशय जोराने आवळतं आणि कळ येते. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची जी गोळी आज पाळीच्या दुखण्यावर घेतली जाते, ती हीच प्रोस्टाग्लँडिन्स तयार होणं कमी करते.