घनकचरा : घरातल्या डब्यापासून देवनारच्या डोंगरापर्यंत

जानेवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईतील देवनार कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. चेंबूर-गोवंडीचा परिसर धुराने वेढला गेला, लगतच्या पालिका शाळांना सुट्टी द्यावी लागली आणि धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही उमटला. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. (सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना स्थगिती दिली.) आग कुणी लावली, यावर तेव्हा बराच खल झाला. कचरा मुळात पेट का घेतो, यावर मात्र फारसा झाला नाही.

भाजीची देठे, फळांच्या साली, शिळे अन्न यांचे विघटन मोकळ्या हवेत झाले तर त्यांचे खत होते. मात्र त्यांवर रोज नवा थर पडत गेला की आत प्राणवायू पोहोचत नाही. मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू तेच काम करतात व त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू ज्वलनशील आहे. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भरते. त्याच ढिगात प्लास्टिक, रबर, चिंध्या असतात. वायूही तयार आणि इंधनही! वरून पाण्याचा मारा केला तरी तो खोलवरच्या निखाऱ्यापर्यंत जात नाही. देवनारला असे थर १९२७ पासून साचत आले आहेत.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरी नासवते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे झेललेल्या उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, त्यामागे हे दूषित पाणीही होते.

शहरी घनकचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्या, म्हणजे कुजणाऱ्या कचऱ्याचा असतो. कागद, काच, धातू, प्लास्टिक हा सुका कचरा. औषधे, रंगांचे डबे, बॅटऱ्या हा घरगुती घातक कचरा. बांधकामाचा राडारोडा, ई-कचरा आणि रुग्णालयांतील जैववैद्यकीय कचरा यांना स्वतंत्र नियम आहेत. वाढत्या लोकसंख्येबरोबर कचरा वाढला हे खरेच. पण वेष्टनेही बदलली. एकेकाळी आरेचे दूध काचेच्या बाटलीत येई आणि रिकामी बाटली केंद्रावर परत जाई. आज वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा मुलामा असे एकजीव झालेले असतात, की भंगारवालाही ते घेत नाही.

जाळून टाकण्याचा उपाय वरकरणी सोपा वाटतो. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये तसा प्रकल्प उभारला गेला आणि अल्पावधीतच बंद पडला. ओलसर, मातीमिश्रित कचऱ्यातून पुरेशी उष्णताच मिळत नव्हती. उलट ओला कचरा वेगळा मिळाला तर त्याचे कंपोस्ट, गांडूळखत वा बायोगॅस होऊ शकतो. काचेचे चार तुकडे मिसळले की त्या खताला शेतकरी हात लावत नाही. म्हणजे सारे अडते ते वर्गीकरणापाशी. प्रक्रिया व विल्हेवाटीची केंद्रे उभारण्यासाठी २००० च्या नियमांनी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत दिली होती. ती बहुतेक शहरांनी पाळली नाही. २०१६ च्या नियमांनी कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले.

पुण्यात या कामाला माणसे मिळाली, तीही भंगार गोळा करणाऱ्यांतूनच. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. २००८ मध्ये महापालिकेशी करार झाल्यावर तिचे कचरावेचक सभासद दारोदार कचरा घेऊ लागले. घरटी शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, यांवर त्यांचे घर चालते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वापरलेला सॅनिटरी नॅपकिन वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, फुटकी काच वेगळी बांधावी, हे त्यांचे सांगणे अगदी साधे आहे. कारण पिशवीत हात त्यांनाच घालावा लागतो.

साचलेला कचरा उपसणे मात्र महागडे काम आहे. देवनार येथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा तीन वर्षांत हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. त्यात खोदून काढलेला प्रत्येक थर चाळून माती, प्लास्टिक, दगड वेगळे करायचे आहेत.