इंजिनावरचे झाकण

मोटारसायकलच्या सिलिंडरवर पातळ धातूच्या कडा असतात, हे मुलांनी पाहिलेले असते. या कडांमुळे हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि वाहत्या हवेने इंजिन थंड राहते. मग छोट्या विमानाचे इंजिन झाकलेले का असते? झाकल्यावर ते जास्त तापणार नाही का? हा प्रश्न विमाने बांधणाऱ्यांनाही एके काळी पडला होता.

राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानात इंजिन खालच्या पंखावर उघडेच बसवलेले होते. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांत सिलिंडरांसकट सारे इंजिनच गरगर फिरत असे. त्याभोवती पत्र्याचे कडे असे, ते मुख्यतः उडणारे एरंडेल तेल वैमानिकाच्या तोंडावर येऊ नये म्हणून! पुढे स्थिर, चक्राच्या आऱ्यांसारखे सिलिंडर असलेली इंजिने आली. थंड राहावीत म्हणून त्यांचे सिलिंडर वाऱ्यात उघडे ठेवत. पण त्यांच्यामागे हवेचे भोवरे तयार होत आणि विमानाला मोठा विरोध होई.

अमेरिकेत नासाच्या आधी 'नाका' नावाची सरकारी संस्था होती. तिच्या लँगली प्रयोगशाळेत १९२७ साली २० फूट व्यासाच्या झोताचा वातबोगदा तयार झाला. त्यात खरे इंजिन पंख्यासह बसवून फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळी झाकणे तपासली. नीट आकार दिलेल्या झाकणाने विरोध खूपच घटला आणि आत हवेला योग्य वाट करून दिली, तर इंजिनही थंड राहिले. १९२८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असे झाकण बसवल्यावर कर्टिस कंपनीच्या एका विमानाचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवरून २२० वर गेला. इंजिन मात्र तेच होते!

यातले मर्म असे : उघड्या सिलिंडरच्या पुढच्या बाजूला भरपूर हवा लागते, पण मागची बाजू तापलेलीच राहते. झाकणाच्या आत पत्र्याचे आडोसे लावले, की थोडीच हवा कडांमधून, सिलिंडरला वळसा घालून जाते. जुन्या स्कूटरच्या इंजिनावरचे पत्र्याचे आवरणही पंख्याची हवा असेच वळवते.

गंमत म्हणजे हेच वाइक हौशी विमानबांधणीकारही होते. १९३४ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर नोकरीच्या वेळेबाहेर स्वतःचे एक छोटे विमान बांधले. अमेरिकेत अशा हौशी मंडळींची संघटना १९५३ साली स्थापन झाली आणि आज तिथे घरी बांधलेली हजारो विमाने उडतात. त्यांतल्या अनेकांचे झाकण फायबरग्लासचे, वरचा आणि खालचा अशा दोन भागांचे असते. समोरच्या दोन तोंडांतून आलेली हवा सिलिंडरांवरून खाली उतरते आणि मागे खालून बाहेर पडते.

पण झाकणाने एक नवी अडचण आणली. जे झाकले, ते दिसेनासे झाले. तेल पाहायला वर छोटी खिडकी असते. तिच्यातून तेल कळते, बाकीचे कळत नाही. एक्झॉस्टच्या नळीला बारीक भेग पडली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू वैमानिकापर्यंत पोहोचू शकतो. इंधनाची नळी कशाला तरी घासून झिजत असते. कधी पक्ष्याने आत घरटे केलेले असते. हे सारे पाहायचे, तर झाकण काढावेच लागते.

त्याचीही रीत आहे. आधी इग्निशन बंद करून किल्ली काढून घ्यायची आणि तरीही पंख्याच्या फिरण्याच्या कक्षेत उभे राहायचे नाही. कारण एखादी तार सुटली असेल, तर पंखा हाताने हलवताच इंजिन पेटू शकते. इंजिन निवू द्यायचे. मग लांब बिजागरीतली तार ओढून किंवा पाव फेऱ्यात सुटणारे खिळे फिरवून वरचा भाग उचलायचा. खालचा भाग सोडण्यापूर्वी त्याला जोडलेल्या दिव्याची तार काढायची. काढलेले भाग वाऱ्याने उडणार नाहीत, असे ठेवायचे. परत बसवताना प्रत्येक खिळा मोजायचा.

पाव फेऱ्यात सुटणारा हा खिळा विल्यम झुस यांनी १९३० च्या दशकात तयार केला. दिसायला क्षुल्लक, पण आम्हाला तो वातबोगद्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. चाळीस स्क्रू काढावे लागणार असतील, तर माणूस 'पुढच्या वेळी पाहू' म्हणतो. घरी बांधलेल्या विमानाचा कारागीर, तपासनीस आणि वैमानिक बहुधा एकच असतो. त्याच्या आळसाला अडवणारे दुसरे कोणी नसते. झाकण पटकन निघाले, तर तो ते उघडून पाहील.

वर्गात एक प्रश्न विचारून पाहू या : आपल्या घरातल्या कोणत्या यंत्राचे झाकण आपण कधीच उघडत नाही, आणि का?