मेजर सलिव्हन बॅलू याचें पत्र

अस्सल हातीं नाहीं, नकला मात्र पुष्कळ, हा अनुभव आपल्याकडील दप्तरें चाळणारांस नवा नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) साधनांत असेंच एक प्रकरण आहे. १४ जुलै १८६१ रोजीं वॉशिंग्टनच्या छावणींतून मेजर सलिव्हन बॅलू यानें पत्नी सारा हिला लिहिलेलें पत्र १९९० सालच्या एका चित्रपटमालिकेनें सर्वतोमुखी केलें. परंतु त्याच्या हातचा कागद कोणासहि सांपडलेला नाहीं.

बॅलू पेशानें शिपाई नव्हे. ऱ्होड आयलंड संस्थानांत १८२९ सालीं त्याचा जन्म झाला. लहानपणींच पितृछत्र हरपलें, तरी ब्राउन विद्यापीठांत शिकून तो १८५३ सालीं वकील झाला व पुढें संस्थानच्या विधिमंडळांत कनिष्ठ सभागृहाचा सभापति झाला. अशा स्वयंसेवक पलटणींतील अधिकाऱ्यांस सनदा गव्हर्नराकडून मिळत. बॅलूस दुसऱ्या ऱ्होड आयलंड पलटणींत मेजरची जागा मिळाली.

२१ जुलै रोजीं बुल रनच्या लढाईंत हीच पलटण प्रथम भिडली. तोफेच्या गोळ्यानें बॅलूचा पाय गेला. कर्नल स्लोकमहि घायाळ झाला. उत्तरेकडील फौज माघार घेऊं लागली तेव्हां दोघेहि सडली येथील देवळांतील इस्पितळांत मागें राहिले व तेथेंच वारले. मार्च १८६२ मध्यें गव्हर्नर स्प्रेग अस्थि आणावयास गेला, तों बॅलूचें प्रेत स्लोकमचें समजून शत्रूनें उकरून, शिर तोडून जाळल्याचें त्यास कळलें. काँग्रेसच्या चौकशी समितीपुढें त्यानें तशी जबानी दिली. विलक्षण हें कीं, या बीभत्स प्रकारास जबानीचा आधार आहे आणि कोमल पत्रास मात्र केवळ नकलांचा!

तें पत्र बॅलूच्या पेटींत मिळालें व टपालांत कधींच पडलें नाहीं, असें सांगतात. नकलांत शब्दभेद आहेत. तथापि ते बनावट म्हणावयास आम्ही तयार नाहीं. पत्नीचें प्रेम एकीकडे व स्वातंत्र्ययुद्धांतील पूर्वजांचें ऋण दुसरीकडे, असा पेंच त्यांत मांडला आहे. मुलगे आपल्यासारखेच पित्यावांचून वाढतील, ही खंतहि आहे. एडगर व विल्यम हीं नांवें व स्वतःचें पोरकेपण चरित्राशीं तंतोतंत जुळतें. अर्थात् एवढ्यावरून लेखक त्या घरचा माहीतगार होता इतकेंच सिद्ध होतें; घरच्या कोणीं मागाहून शब्द घासूनपुसून घेतले नसतील, असें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. म्हणून मजकूर बॅलूचा मानावा, पण एखाद्या शब्दावर फार मोठी इमारत उभारूं नये, असें आमचें मत आहे.

सारानें पुनर्विवाह केला नाहीं. ती १९१७ सालीं वारली व प्रॉव्हिडन्स येथें पतीशेजारीं तिचें दफन झालें. अस्सल पत्रहि तिच्याबरोबर गेलें, अशी एक दंतकथा आहे. तिला आधार असलेला कागद आमच्या पाहण्यांत नाहीं.