जुळ्या पत्त्यांची कुळकथा

एकाच उत्पादकाकडून बाटल्या भरणारी चार यंत्रं कारखान्यात येतात. चारही हुबेहूब, आणि आतल्या पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाचा, आयपी पत्ताही चौघांचा एकच: १९२.१६८.१.१०. उत्पादकाचं यात काही चुकत नाही. एकदा तपासलेला प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रात जसाच्या तसा भरणं हेच त्याच्या हिताचं. पण चारही यंत्रं कारखान्याच्या नेटवर्कला जोडली की पत्ते एकमेकांना भिडतात. ते बदलायचे तर पीएलसी, पडदे, ड्राइव्ह सगळ्यांच्या मांडणीत हात घालावा लागतो. म्हणून यंत्राच्या पॅनेलमधल्या स्विचवरच स्टॅटिक नॅट, म्हणजे पत्ते बदलून देणारा ठरलेला तक्ता, लावतात. आत १९२.१६८.१.१० तसाच राहतो. बाहेरच्यांना पहिलं यंत्र १०.१०.१.११ म्हणून दिसतं, दुसरं १०.१०.१.१२ म्हणून.

या सोयीचा जन्म मात्र पत्त्यांच्या टंचाईतून झाला. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने आयपी पत्ता ३२ बिटांचा ठरवला. एकूण पत्ते ४२९ कोटींच्या आसपास. संख्या मोठी, पण वाटप ढोबळ होतं. ‘क’ वर्गाच्या गटात २५६ पत्ते, ‘ब’ वर्गात एकदम ६५,५३६. हजार संगणकांची संस्था ‘ब’ गट मागायची आणि त्यातले बहुतेक पत्ते पडून राहायचे. नव्वदीच्या सुरुवातीलाच ‘ब’ गट संपत आल्याचं दिसू लागलं.

जानेवारी १९९३मध्ये पॉल त्सुचिया (पुढे ते पॉल फ्रान्सिस या नावाने लिहू लागले) आणि टोनी एंग यांनी पत्ते पुन्हापुन्हा वापरण्याची कल्पना एका लेखात मांडली. संस्थेच्या आत कोणतेही पत्ते असू देत. बाहेर बोलायची वेळ आली की सीमेवरच्या उपकरणाने पत्ता बदलावा. मे १९९४मध्ये क्येल्ड एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१मध्ये ती पद्धत नीट लिहून काढली. कायमचा उपाय सापडेपर्यंतची ही तात्पुरती तजवीज, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केलं होतं. त्याच सुमारास जॉन मेज यांच्या कंपनीचं, हेच काम करणारं पिक्स हे उपकरण बाजारात आलं. त्याचा प्रोग्रॅम ब्रॅन्टली कॉइल यांनी लिहिला होता. १९९५मध्ये सिस्कोने ती कंपनीच विकत घेतली.

आरएफसी १६३१चा मजकूर अवघ्या काही पानांचा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण अडचणी लपवलेल्या नाहीत. पत्ता बदलला की पॅकेटची चेकसम चुकते. ती दुरुस्त करण्यासाठी सी भाषेतला छोटा प्रोग्रॅमच त्यात दिला आहे. एफटीपीची अडचण आणखी खोलातली. तिथे पत्ता संदेशाच्या पोटात अक्षरांमध्ये लिहिलेला असतो. तो बदलला की संदेशाची लांबी बदलू शकते, आणि मग त्या जोडणीतले पुढचे सगळे टीसीपी क्रमांक सावरत बसावं लागतं.

पुढे पोर्टचे आकडेही बदलून अख्खं घर एकाच पत्त्यावर बोलू लागलं, आणि पत्ते खऱ्या अर्थाने वाचले ते या प्रकाराने. एकास एक जोडणारी स्टॅटिक शाखा इंटरनेटचा एकही पत्ता वाचवत नाही: आत दहा सर्व्हर तर बाहेरही दहा पत्ते लागतात. तरीही ती टिकली, कारण तिची नोंद कायमची असते आणि बाहेरचा माणूसही संभाषण सुरू करू शकतो. सर्व्हरला तेच हवं होतं, पीएलसीलाही तेच हवं असतं.

स्विचवर हीच शाखा उतरली, यामागे मला तांत्रिक कारण दिसतं. चालू असलेल्या प्रत्येक जोडणीचा हिशेब ठेवणं स्विचच्या चिपला जड जातं. ठरलेल्या तक्त्यात पाहून पत्ता बदलणं पूर्ण वेगाने जमतं. सिस्कोचे औद्योगिक स्विच आणि रॉकवेलचा स्ट्रॅटिक्स ५७०० हे काम नेटवर्कच्या दुसऱ्या थरावर करतात. आधी नॅटचा एक संच तयार करायचा, त्यात आतला कोणता पत्ता बाहेरच्या कोणत्या पत्त्याशी जोडायचा ते लिहायचं, आणि तो संच कारखान्याच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टला लावायचा.

इथे हमखास राहून जातं ते गेटवेचं. पीएलसीला १९२.१६८.१.१ हा गेटवे माहीत असतो. बाहेर त्या गेटवेचा पत्ता १०.१०.१.१ असतो. ही उलट्या दिशेची नोंद केली नाही, तर दुसऱ्या सबनेटवरून आलेली विचारणा पीएलसीपर्यंत पोचते, पण उत्तराला वाट सापडत नाही. एआरपी आणि आयसीएमपी संदेशांतले पत्ते स्विच स्वतः बदलतो. मात्र एखादा प्रोटोकॉल आपल्या मजकुरात पत्ता नेत असेल, तर १९९४ची एफटीपीची अडचण पॅनेलमध्ये जशीच्या तशी उभी राहते. म्हणून यंत्र जोडण्याआधी उत्पादकाला एवढं विचारून घ्यावं, की तुमचा पीएलसी आपला पत्ता संदेशाच्या पोटात लिहितो का?